सरासरीच्या आड लपलेली मुलं: प्रत्येकाचा आलेख वेगळ्या चौकटीत कसा काढायचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांमध्ये सत्काराचे कार्यक्रम होतात. स्टेजवर गुणवंत मुलं-मुली, हातात ट्रॉफी, शेजारी अम्मी-अब्बा. मागच्या बॅनरवर शाळेचा किंवा अभ्यासिकेचा निकाल टक्क्यांत लिहिलेला असतो. माशाअल्लाह, आनंदाचीच गोष्ट आहे. पण आम्हाला दरवेळी एक प्रश्न पडतो. आठवीत याच मुलांच्या शेजारी बाकावर बसणारी, पण दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत ती मुलं या टक्केवारीत कुठे आहेत? कुठेच नाहीत. जो परीक्षेला बसलाच नाही, त्याला टक्केवारीत धरतच नाहीत.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातला एक आकडा आपल्या समाजात बऱ्याच जणांना पाठ आहे. सहा ते चौदा वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच शाळेतून बाहेर पडली होती. हा आकडा किती मुलं गेली ते सांगतो. पण कोणतं मूल, कोणत्या महिन्यापासून निसटायला लागलं, हे त्यातून कळत नाही, आणि असा अहवाल त्यासाठी नसतोही. ते कळायचं असेल तर तेच मूल पुन्हा पुन्हा मोजावं लागतं आणि त्याची रेघ इतरांच्या रेघांत न मिसळता बघावी लागते. संख्याशास्त्रात याची पद्धत आहे, त्यासाठी फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही आहे. कॉलेजात शिकणारा कुणीही मुलगा किंवा मुलगी ते चार-पाच दिवसांत हाताळू शकेल. आज त्याबद्दलच सांगायचं आहे.

सरासरी कशी फसवते

समजा, मशिदीशेजारच्या अभ्यासिकेत नववीची 24 मुलं आहेत. वर्षभरात सहा चाचण्या झाल्या. पहिल्या चाचणीपासून सहाव्यापर्यंत 18 मुलांचे गुण प्रत्येकी पाचने वाढले, सहा मुलांचे प्रत्येकी पंधराने घसरले. आता हिशेब करा. वाढ 18 गुणिले 5, म्हणजे 90. घट 6 गुणिले 15, म्हणजे तीही 90. वर्गाची सरासरी जिथल्या तिथे! कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणणार, "वर्ग स्थिर आहे, काळजी नको." आणि ती सहा मुलं पुढच्या वर्षी गॅरेजवर, बेकरीत किंवा घरकामात दिसणार.

बरं, सरासरी नको म्हणून चोवीसही मुलांच्या रेघा एकाच आलेखावर काढल्या तर? शेवयांचा गुंता होतो. चोवीस रंगांच्या रेघा, कडेला चोवीस नावांची यादी, आणि कोणती रेघ कुणाची हे शोधता शोधता डोळे दुखतात.

यावरचा उपाय साधा आहे. कागदाच्या चोवीस चौकटी करायच्या. प्रत्येक चौकटीत एक मूल. आडव्या अक्षावर चाचणी, उभ्या अक्षावर गुण, आणि सगळ्या चौकटींची मापं अगदी सारखी. मग नजर फिरवली की चढणाऱ्या रेघा एका प्रकारच्या, पडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या, लगेच ओळखू येतात. अंगणवाडीतल्या ताई बाळाच्या वजनाचं जे कार्ड भरतात, ते आठवा. दर महिन्याला एक ठिपका, ठिपके जोडून रेघ, आणि रेघ आडवी पडली की ताई आईला बोलावतात. तशी चोवीस कार्डं एका पानावर शेजारी शेजारी मांडली, असं समजा. अशा पुन्हा पुन्हा घेतलेल्या, माणसागणिक गट पडलेल्या मोजमापांना 'लॉन्जिट्युडिनल डेटा' म्हणतात.

मांडव आणि जाळी

एका पानावर अनेक चौकटी मांडायची ही पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1990 च्या दशकात पक्की झाली. विल्यम क्लीव्हलंड, रिचर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला 'ट्रेलिस' असं नाव दिलं. ट्रेलिस म्हणजे वेल चढवायचा मांडव. द्राक्षबागा पाहिलेल्यांना हे नाव लगेच पटेल. पुढे 'आर' या भाषेसाठी हीच पद्धत दीपायन सरकार यांनी नव्याने लिहिली आणि तिला 'लॅटिस' नाव दिलं, म्हणजे जाळी. जुन्या मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या खिडक्यांना असते तीच. सरकार दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकवतात. त्यांचं लॅटिसवरचं पुस्तक 2008 मध्ये आलं. 'आर' ही भाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केली. ती पूर्णपणे मोफत आहे, लायसन्सची भानगड नाही. साध्या जुन्या लॅपटॉपवरही चालते.

ट्रेलिसच्या जन्माचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मिनेसोटा राज्यात 1931 आणि 1932 या दोन वर्षांत सहा ठिकाणी बार्लीच्या दहा वाणांचं उत्पन्न मोजलं होतं. हे आकडे पुढे कित्येक वर्षं मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखालून गेले. क्लीव्हलंड यांनी ठिकाणागणिक चौकटी काढल्या तेव्हा दिसलं की पाच ठिकाणी 1931 चं उत्पन्न जास्त आहे, आणि मॉरिस या एकाच ठिकाणी उलटं. दोन वर्षांचे आकडे चुकून अदलाबदल झाले असावेत, असं त्यांचं मत पडलं. नंतरच्या अभ्यासकांनी या मतावर शंका घेतली आहे. हवामानाच्या फरकामुळेही तसं झालं असेल, असं ते म्हणतात. चूक होती की नव्हती, तो वाद राहू द्या. पण आकड्यांच्या तक्त्यात इतकी वर्षं जे कुणाला खुपलं नव्हतं, ते चौकटींत पाहताक्षणी खुपलं.

सत्तावीस मुलांचे जबडे

ही पद्धत शिकताना जवळपास सगळेच एका जुन्या उदाहरणापासून सुरुवात करतात. आम्हीही तेच घेतो, कारण ते खऱ्या मुलांचं आहे आणि 'आर'मध्ये तयार मिळतं. त्याचं नाव 'ऑर्थोडॉन्ट'. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागाने 27 मुलांच्या, 16 मुलगे आणि 11 मुलींच्या, कवटीचे एक्स-रे वयाच्या 8, 10, 12 आणि 14 व्या वर्षी काढले. कवटीतल्या पिट्युटरी ग्रंथीपासून जबड्यामागच्या एका फटीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं. हे आकडे 1964 मध्ये रिचर्ड पॉटहॉफ आणि मूळचे कोलकात्याचे समरेंद्रनाथ रॉय यांच्या लेखात आले.

मुलग्यांची सरासरी पाहा: 22.9, 23.8, 25.7, 27.5. मुलींची: 21.2, 22.2, 23.1, 24.1. दोन्ही रेघा छान गुळगुळीत, वर जाणाऱ्या. मुलग्यांची जरा वर, जरा जास्त उताराची. एवढ्यावर थांबलो तर निष्कर्ष असा की सगळी मुलं नीट वाढत आहेत.

आता 27 चौकटी उघडा. मुलग्यांतला नववा: 23, 20.5, 31, 26. हाड दहाव्या वर्षी अडीच मिलिमीटर आखडलं, बाराव्या वर्षी साडेदहाने वाढलं, चौदाव्या वर्षी पुन्हा पाचने आखडलं? असं होत नसतं. एक्स-रे घेताना मान वाकडी असेल, मोजणाऱ्याची पट्टी सरकली असेल किंवा लिहिताना गडबड झाली असेल. काहीही असो, या मुलाच्या कागदपत्रांकडे परत जायला हवं. तेरावा मुलगा बघा: 17 वर सुरुवात आणि 29.5 वर शेवट, रेघ जिन्यासारखी चढलेली. मुलींतली दहावी 16.5, 19, 19, 19.5. तिची रेघ दहाव्या वर्षानंतर जवळजवळ आडवीच. अकरावी मुलगी मात्र पहिल्यापासून 24.5 वर. दोघींचं वय तेच, पण दहावी मुलगी चौदाव्या वर्षीही अकरावीच्या आठव्या वर्षाच्या मापापर्यंत पोहोचलेली नाही. अकरा मुलींच्या सरासरीत या दोघी एकमेकींना झाकून टाकतात.

दुसरं उदाहरण झोपेचं. रमजानमध्ये तरावीह आणि सेहरीमुळे झोपेचे तुकडे पडतात, म्हणून आपल्याला ते जवळचं वाटेल. (त्या प्रयोगाचा रमजानशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) 'स्लीपस्टडी' या नावाने मिळणाऱ्या त्या आकड्यांत 18 माणसं आहेत. रात्री फक्त तीन तास झोप दिली तर खूण दिसल्यावर प्रतिक्रिया द्यायला किती मिलिसेकंद लागतात, ते रोज मोजलं. पहिल्या दिवशीची सरासरी सुमारे 257, शेवटच्या दिवशीची 351. म्हणजे माणसं मंदावली. पण चौकटींत 308 क्रमांकाचा माणूस 250 वरून थेट 466 वर गेलेला दिसतो, आणि 335 क्रमांकाचा 242 वरून 237 वर. त्याला काही झालंच नाही! "झोप कमी झाली की माणूस इतका मंदावतो" असं एकच वाक्य या दोघांनाही लागू करता येत नाही.

आता आपल्या मुलांचं

आधी रजिस्टर. आपल्याकडे एका ओळीत एक मूल आणि पुढे सहा चाचण्यांचे सहा रकाने असतात. संगणकाला ते उभं करून द्यावं लागतं: एका ओळीत एक मूल आणि एकच चाचणी. रकाने तीन, विद्यार्थी, चाचणी, गुण. 24 मुलं आणि 6 चाचण्या म्हणजे 144 ओळी. हाताने करायची गरज नाही, 'आर'मधलं 'रिशेप' किंवा 'पिव्हट लाँगर' हे काम क्षणात करतं. मुलगा की मुलगी, आधीच्या शाळेचं माध्यम, अशी माहिती असेल तर तिचे आणखी रकाने जोडा.

मग खरी ओळ. संगणकात ती रोमन अक्षरांत टाइप करायची असते, इथे समजण्यासाठी मराठीत लिहितो:

एक्सवायप्लॉट(गुण ~ चाचणी | विद्यार्थी)

सगळी करामत त्या उभ्या रेघेत आहे. तिला 'दर' असं वाचा: गुण, चाचणीनुसार, दर विद्यार्थी. त्या रेघेच्या उजवीकडे जे लिहाल त्याच्या चौकटी पडतात. विद्यार्थीऐवजी माध्यम लिहिलं तर माध्यमागणिक एकेक चौकट. पण मग एका चौकटीत अनेक मुलं येतात. अशा वेळी 'ग्रुप्स' या शब्दापुढे विद्यार्थी लिहायला विसरू नका. विसरलात तर संगणक एका मुलाचा शेवटचा ठिपका पुढच्या मुलाच्या पहिल्या ठिपक्याला जोडतो आणि करवतीच्या दात्यांसारखं चित्र येतं. नवशिका हमखास इथे अडकतो. आमचीही पहिली चित्रं करवतीचीच होती.

अनुपस्थितीचं नीट ऐका, कारण इथे मुलावर अन्याय होतो. मूल चाचणीला आलं नाही तर बरेच जण शून्य लिहितात. शून्य लिहिलं की रेघ खड्ड्यात पडते आणि हुशार मूल नापास दिसतं. काही जण ती ओळच गाळून टाकतात. मग आधीचा आणि नंतरचा ठिपका सरळ जोडला जातो, जणू मूल गैरहजर नव्हतंच. बरोबर पद्धत अशी की ओळ ठेवायची आणि गुणांच्या जागी 'एनए' लिहायचं. रेघ तिथे तुटते. ही तुटलेली रेघच पुष्कळदा सगळ्यात महत्त्वाची खूण असते. एक तुटकी जागा म्हणजे ताप असेल, लग्नाला गावी गेले असतील. लागोपाठ दोन तुटल्या तर घरी जाऊन यायला हवं.

मुलांची नावं न लिहिता हजेरी क्रमांक वापरणार असाल तर दोन गमती होतात. क्रमांक आकडा म्हणून दिला तर चौकटीच्या माथ्यावर तो दिसतच नाही, नुसती एक खूण दिसते. म्हणून 'फॅक्टर' करून द्या. आणि मजकूर म्हणून दिला तर 2 च्या आधी 10 येतो, कारण संगणक त्याला शब्द समजून लावतो.

चौकटींचा क्रम ही आमच्या मते अर्धी लढाई आहे. हजेरीच्या क्रमाने लावलेल्या चौकटी काहीच सांगत नाहीत. शेवटच्या चाचणीतून पहिल्या चाचणीचे गुण वजा करा आणि त्या फरकाने 'रीऑर्डर' करा. सगळ्यात जास्त घसरलेली मुलं एका ओळीत शेजारी शेजारी येऊन बसतात, शोधावी लागत नाहीत. फक्त लॅटिस चौकटी खालून, डाव्या कोपऱ्यातून भरायला सुरुवात करतं, हे ध्यानात असू द्या. आमच्या एका उर्दू माध्यमात शिकलेल्या दोस्ताने वरच्या उजव्या कोपऱ्यातून वाचायला सुरुवात केली आणि सगळ्यात चांगल्या मुलांना सगळ्यात कमजोर ठरवून मोकळा झाला! वरून भरायचं असेल तर 'ॲज टेबल' असं सांगावं लागतं. 'लेआउट'मध्ये आधी रकाने लिहायचे, मग ओळी: 6, 4 म्हणजे आडव्या सहा, उभ्या चार.

मापं सारखी ठेवण्याबद्दल लॅटिस आपणहून काळजी घेतं. एक्सेलमध्ये मात्र प्रत्येक मुलाचा वेगळा चार्ट काढला तर एक्सेल ज्याचं त्याचं माप स्वतः ठरवतं. मग 40 वरून 44 वर गेलेलं मूल आणि 40 वरून 80 वर गेलेलं मूल, दोघांच्या रेघा सारख्याच उंच दिसू शकतात. लॅटिसमध्येही 'फ्री' असा पर्याय आहे. मुलामुलांची तुलना करायची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उपयोगाची वाटते. बरीच मुलं चौथी किंवा सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकतात आणि मग जवळ उर्दू हायस्कूल नसल्यामुळे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. ज्या चाचणीपासून माध्यम बदललं, तिथे चौकटीत एक उभी तुटक रेघ काढता येते. ती रेघ ओलांडताच गुण पडले, पण दोन चाचण्यांत पुन्हा वर आले, तर भाषा जमली. पडले ते पडलेच राहिले तर त्या मुलाला गणिताच्या शिकवणीआधी भाषेची मदत हवी. नुसत्या एकूण गुणांवरून हा फरक ओळखू येत नाही.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: मुलागणिक रेघ आणि सगळ्यांची मिळून एक रेघ, दोन्ही एकत्र मोजणारी मिश्र-परिणाम प्रारूपं असतात. जोसे पिन्हेरो आणि डग्लस बेट्स यांचं 2000 सालचं पुस्तक त्यावरच आहे, आणि ऑर्थोडॉन्टच्या चौकटी त्यात भेटतात. हॅडली विकम यांच्या 'जीजीप्लॉट'मध्येही 'फॅसेट रॅप' वापरून अशाच चौकटी काढता येतात. आजकालची मुलं तेच जास्त वापरतात, काही हरकत नाही. पण प्रारूपाच्या आधी चित्र बघा. नववा मुलगा गणितात शिरला की गणित त्याला निमूटपणे पचवून टाकतं.

सहा ठिपक्यांवरून मुलाचं भविष्य सांगू नये, हेही खरंच. एका चाचणीतली घसरण म्हणजे काहीच नाही. तीन ठिपके एकाच दिशेने खाली जात असतील तर विचारपूस करावी, तीही दरडावून नव्हे. घरात आजारपण आहे का, वालिदांचं काम सुटलं का, मुलीला शाळेत जाता-येता कुणी त्रास देतं का? याची उत्तरं कोणत्याच चौकटीत नसतात.

आणि ही चित्रं मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मुलाचे गुण ही त्याची आणि त्याच्या घरच्यांची अमानत आहे. कमिटीपुढे ठेवताना नावं काढून क्रमांक ठेवा, आणि क्रमांक-नावाची यादी एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या. पालकांना दाखवायची ती फक्त त्यांच्या मुलाची चौकट, शेजारच्या घरातल्या मुलाची नाही.

लॅपटॉप नसेल तर आलेख-कागदाची वही आणा. एका पानावर सहा चौकटी, अशी चार पानं. प्रत्येक चौकटीच्या डाव्या कडेवर 0 ते 100, खालच्या कडेवर 1 ते 6, सगळीकडे अगदी तेच माप. पेन्सिलने ठिपके मारा, पट्टीने जोडा, गैरहजर असेल तिथे रेघ सोडा. नंतर चोवीस चौकटी कात्रीने कापून चटईवर पसरा आणि घसरणाऱ्या एका बाजूला, चढणाऱ्या दुसऱ्या बाजूला लावा. इशाच्या नमाजनंतर बसलात तर तासाभराचं काम आहे.